देठ ठेवून कापलेल्या काड्या

मनीषनगर, नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. मयुरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवायचा ही माझी अट तुला गमतीची वाटते, वाटू दे. मोबाइलवर तुम्ही लोक अर्धं वाक्य लिहिता आणि उरलेलं पिवळ्या तोंडांवर सोडून देता. दोन महिने स्पेनमध्ये आहेस, तर मला निदान आठ-दहा पूर्ण पत्रं मिळाली पाहिजेत.

तुमच्या यजमान कॉलेजने शनिवारच्या सहलीसाठी संत्र्याचं संशोधन केंद्र निवडलं हे वाचून हसू आलं. नागपूरची मुलं म्हणून पाहुणचार करत आहेत बिचारे. तुम्ही आठ जण संगणक आणि गणितवाले. त्यात संत्र्याच्या बागेत वाढलेली तू एकटी, हे त्यांना कोण सांगणार?

एक गोष्ट आत्ताच बजावते. तिथे हात खिशात ठेव. चांगलं झाड दिसलं की आपल्या घरच्या माणसांचे हात शिवशिवतात. तुझ्या आजोबांनी दुसऱ्याच्या बागेतून कलमाच्या डोळकाड्या, म्हणजे कोंब असलेल्या काड्या, फेट्यात खोचून आणल्या होत्या, आणि निघताना मालकाच्या हातचा चहाही पिऊन आले होते. ही गोष्ट मी तुला अनेकदा सांगितली आहे आणि आपण दोघी हसलो आहोत. पण ते साठ वर्षांपूर्वीचं आणि पुढच्या गावचं. एका देशातून दुसऱ्या देशात काडी नेणं हा गुन्हा आहे. काडीबरोबर रोग जातो, आणि ती जात कोणीतरी वीस वर्षं खपून तयार केलेली असते. बाबारावने तुला काही सुचवलं असेल तर विसर. तो तुझा बाप असला तरी माझा भाऊ आहे, मी त्याला ओळखते.

धम्मानंदकडे लक्ष ठेव. विमानात बसायची त्याची ही पहिलीच वेळ. तीन वर्षं दर रविवारी तो माझ्या जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवतो आहे. तिथल्याच एम.एस्सी.च्या शिष्यवृत्तीसाठी त्याला मार्चमध्ये अर्ज करायचा आहे, आणि ह्या दोन महिन्यांत त्याच्याबद्दल तिथे काय मत होतं यावर ते अवलंबून आहे. तुमच्याच कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली म्हणून त्याची शिफारस मी केली आहे. तो स्वतःहून काही मागणार नाही, म्हणून तूच विचारत जा.

तुझी,
शोभाआत्या

*

स्पेन
९ फेब्रुवारी २०२५

ती. शोभाआत्यास,
सा. न.

आत्या, सहल झाली. आधी चांगलं सांगते, मग वाईट.

सकाळी सातला बस निघाली. दोन्ही बाजूंना संत्र्याचीच झाडं, पण बुटकी, रांगेत कवायतीला उभी केल्यासारखी. केंद्रातल्या बाई फार हौशी होत्या. आम्ही नागपूरचे म्हटल्यावर त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बारीक जाळीच्या मांडवात त्यांनी बिनबियाची नवी जात दाखवली. साल अशी सुटते की नखही लावावं लागत नाही. एक एक फोड खायला दिली. मला बाबांची फार आठवण आली. आमच्याबरोबर आलेल्या विश्वनाथ सरांनी पाच फोडी खाल्ल्या आणि मग घरच्या संत्र्याची चव काही और असं भाषण दिलं. दुपारी झाडाखालीच जेवण होतं, भात आणि शिंपले. मी भात बाजूला काढून खाल्ला.

आता वाईट. निघताना फाटकावर त्यांनी सगळ्यांच्या बॅगा पाहिल्या. नेहमीचा नियम आहे म्हणे. धम्मानंदच्या बॅगेत बिनबियाच्या झाडाच्या काड्या निघाल्या. एका बाटलीत घातलेल्या. बाईंचा चेहरा पाहवत नव्हता. सरांनी त्याला तीनदा विचारलं, तो नुसता उभा राहिला. येताना बसमध्ये त्याच्याशेजारी कोणी बसलं नाही.

त्याला परत पाठवणार आहेत. नागपूरला कॉलेजची चौकशी समिती बसेल. तुला कॉलेजकडून कळण्याआधी मी सांगावं म्हणून लगेच लिहिते आहे. त्याला मोह झाला असेल गं. इथलं सगळं पाहून होतो माणसाला. तू फार मनाला लावून घेऊ नकोस. माणूस ओळखण्यात कोणाचीही चूक होऊ शकते.

तुझी,
मयुरा

*

मनीषनगर, नागपूर
११ फेब्रुवारी २०२५

धम्मानंद,

तू काय केलं आहेस ते मला कळलं आहे. मयुराने लिहिलं, आणि आज तुमच्या प्राचार्यांचा फोनही येऊन गेला. तुझी शिफारस करणारी म्हणून मला २८ तारखेच्या समितीपुढे बोलावलं आहे. तुला कॉलेजातून काढायचं की नाही हे त्या दिवशी ठरेल.

तीन वर्षांत तू माझ्या घरातून पेन्सिलसुद्धा विचारल्याशिवाय उचलली नाहीस. त्या माणसाने पाहुणा म्हणून जाऊन चोरी करावी हे मला समजत नाही. तुझ्यामागे तुझ्या तालुक्यातली, तुझ्यासारख्या घरांतली दहा मुलं अर्ज घेऊन उभी असतील. पुढच्या वर्षी त्यांच्या अर्जांकडे लोक कसं बघतील याचा विचार करायचास.

का केलंस ते मला स्पष्ट लिही. कारणं नकोत, खरं हवं.

शोभाताई

*

स्पेन
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मॅडम,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. परवा मी निघतो आहे. पोचायला एक दिवस लागेल.

तुम्ही खरं लिहायला सांगितलंत. काड्या माझ्या बॅगेत होत्या हे खरं आहे. त्या ज्या बाटलीत होत्या ती बाटली माझी नव्हती. कोणाची होती ते मी सरांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. ज्याची वस्तू आहे त्याने बोलावं म्हणून मी फाटकाजवळ थांबलो होतो. बसमध्येही वाट पाहिली. अजूनही पाहतो आहे.

केंद्रातल्या बाईंनी काड्या टेबलावर मांडल्या. नऊ होत्या, पेन्सिलीएवढ्या. पानं कापून टाकलेली, पण प्रत्येक पानाचा देठ मात्र ठेवलेला. दोन्ही टोकांना काहीतरी मेणचट लावलेलं, त्याला गुलाबासारखा वास. मग ओल्या रुमालात घट्ट गुंडाळलेल्या. बाईंनी मला विचारलं की हे तुला कोणी शिकवलं. मला उत्तर देता आलं नाही, कारण देठ कशासाठी ठेवतात ते मला अजूनही माहीत नाही. आमच्याकडे धान. फांदी तोडायची झाली तर आम्ही ती मोडतो आणि चुलीत घालतो. सर म्हणाले, चांगलं नाटक करतोस.

मॅडम, तुम्ही मला का केलंस असं विचारलंत. केलं आहेस का, असं विचारलं नाहीत. सरांनीही नाही, कोणीच नाही. तुम्ही तरी विचाराल असं मला वाटलं होतं.

आईला मी अजून काही कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नये ही विनंती.

आपला विद्यार्थी,
धम्मानंद

*

मनीषनगर, नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

मयुरा,

पानं छाटलेली होती आणि देठ ठेवलेले होते. खुंटावर डोळा भरताना, म्हणजे काडीवरचा कोंब खुंटाच्या सालीत बसवताना, तो देठ चिमटीत धरावा लागतो, नाहीतर डोळ्याला बोट लागून तो मरतो. हे मी वर्गात शिकवलं नाही, परीक्षेला ते येत नाही. हे बागेत बसून शिकतात. मी माझ्या वडिलांकडून शिकले, तू बाबारावकडून. तुमच्या आठ जणांत हे आणखी कोणाला येतं, ते मला सांग.

काल मी नरखेडला जाऊन आले. न कळवता गेले. पहिल्या एस.टी.त उभी राहून गेले, काटोलला जागा मिळाली. बाबाराव विहिरीवर होता. त्याने मला पाहिलं आणि मोटार बंद करायच्या निमित्ताने दहा मिनिटं आत जाऊन बसला. तोवर मी गोठ्यामागे फिरले. जंबेरी लिंबाचे बारा खुंट कलमासाठी पिशव्यांमध्ये तयार, खालची पानं खुडलेली, खोड पुसून ठेवलेलं. एवढ्या उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे कोणी डोळे भरत नाही. गड्याला विचारलं, तर तो सरळ सांगून मोकळा झाला की पोरगी विदेशातून काड्या आणणार म्हणून मालकानं कलमवाल्या दुर्गेशला एक तारखेचं सांगून ठेवलं आहे.

बाबारावला मी ओट्यावर बसवून विचारलं. आधी तो हसला. मग म्हणाला, "काड्याच त होत्या वं शोभे. सोनं होतं का? इतल्या मोठ्या झाडाच्या नऊ काड्या." मी म्हटलं, नऊ होत्या हे तुला कोणी सांगितलं, मी तर आकडा बोललेच नाही. त्यावर तो उठून गड्याला हाका मारायला लागला.

मी धम्मानंदचं काय होणार ते सांगितलं. तो म्हणाला, "त्याले दुसरं कॉलेज भेटन. त्याइले कोठंबी भेटते. आपल्या पोट्टीचं नाव खराब झालं त मंग?" आणि मी निघताना मागून म्हणाला, "तूच त सांगत होती ना बुढ्याच्या फेट्याची गोष्ट, हासू हासू. आता काहून साधू बनून राहिली?"

त्याच्या ह्या शेवटच्या वाक्याचं उत्तर मी बसमध्येही शोधत होते.

तुझ्याकडून मला एकच हवं आहे. बाटली कोणाची होती?

शोभाआत्या

*

स्पेन
१९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

बाटली माझी होती.

सगळं लिहिते, म्हणजे तुला कळेल की मी मुद्दाम केलं नाही. काड्या मुद्दाम आणल्या, पण पुढचं नाही. बाबा महिनाभर मागे लागले होते. तालुक्यात बिनबियाचं झाड पहिलं आपल्या बागेत लागलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. सगळे जेवायला बसले तेव्हा मी जाळीच्या मांडवात परत गेले. कात्री जवळ होती. बाथरूममध्ये देठ ठेवून पानं कापली आणि टोकांना लिप बाम लावला. नऊ मिनिटंही लागली नाहीत. बाबांना तिथूनच फोटो पाठवला.

फाटकावर रांग लागली तेव्हा कळलं की बॅगा बघतात. धम्मानंद माझ्या पुढे होता. मी म्हटलं, माझी बाटली धर जरा, बॅगेत जागा नाही. तो सगळ्यांचं काही ना काही धरतच असतो. त्याने काही न विचारता बॅगेत टाकली. मला वाटलं, मुलांच्या बॅगा नीट बघणार नाहीत. तेवढंच वाटलं, आत्या, शप्पथ.

बाटली उघडली तेव्हा मी बोलणारच होते. पण सर लगेच त्याच्याकडे वळले, आणि ते वळले म्हणून सगळे वळले. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. त्याने फक्त एकदा बघितलं. आणि मग एक मिनिट गेलं, आणि त्यानंतर बोलणं म्हणजे दोनदा चोर ठरणं झालं असतं.

त्याने माझं नाव घेतलं नाही. म्हणजे त्याने ते स्वतःवर घ्यायचं ठरवलं असेल, असं मी धरून चालले. तो सहन करू शकतो गं, त्याला सवय आहे. मला नाही. मला इथे आणखी सहा महिने राहायची परवानगी मिळाली आहे, मागच्याच आठवड्यात कळलं. आईला अजून सांगितलेलं नाही, तुलाच पहिलं सांगते.

हे पत्र वाचून फाडून टाक. तू सगळ्यांशी कडक वागतेस, पण मी तुझी आहे. लहानपणापासून तुझ्याशी कधी खोटं बोलले नाही. एवढं एकदाच.

मयुरा

*

मनीषनगर, नागपूर
२१ फेब्रुवारी २०२५

मयुरा,

पत्र फाडलेलं नाही.

तू मला एकदाच फसवलंस असं म्हणतेस. ९ तारखेचं पत्र मी पुन्हा वाचलं. फोडी, शिंपले, टाळ्या, सरांचं भाषण, आणि मग माझी समजूत घालणं. माणूस ओळखण्यात चूक होऊ शकते, असं तू मला लिहिलंस. तेव्हा तुझी बाटली त्यांच्या टेबलावर होती. घाबरून गप्प बसणं मी समजू शकते. रात्र उलटल्यावर, शांतपणे, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं ते पत्र मला समजत नाही. मला तू त्याच्याविरुद्ध वापरलंस. आणि मी वापरली गेले. दोन दिवसांत त्याला मी जे लिहिलं ते तू पाहिलं नाहीस, पण ते लिहायला तुझी मदत होती.

त्याला सवय आहे, असं तू लिहिलं आहेस. ह्या तीन शब्दांसाठी मी तुला कधी माफ करीन, मला माहीत नाही.

आता काय करायचं ते सांगते. २७ तारखेपर्यंत तू स्वतः प्राचार्यांना आणि केंद्रातल्या त्या बाईंना लिही. सरळ, दोन परिच्छेदांत. बाबारावचं नाव घालायचं की नाही ते तुझं तू ठरव. तुझं पत्र पोचलं तर मी समितीत एक शब्दही जास्तीचा बोलणार नाही. नाही पोचलं, तर १९ तारखेचं तुझं पत्र मी समितीपुढे ठेवीन.

ही धमकी नाही. मी काय करणार आहे ते तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. तू माझ्यासाठी एवढंही केलं नव्हतंस.

शोभाआत्या

*

स्पेन
२५ फेब्रुवारी २०२५

आत्या,

बाबा म्हणतात लिहू नको, आत्या तसं करणार नाही, नुसती भीती घालते. मीही तेच धरून आहे. घरातलं पत्र कोणी बाहेर नेऊन दाखवत नाही.

मी तुला विश्वासाने लिहिलं होतं. सरांना नाही, मैत्रिणींना नाही, आईलाही नाही. ते पत्र तू कोणासाठी नेऊन देणार? जो आपला कोणी लागत नाही त्याच्यासाठी. तू तसं केलंस, तर तू आणि मी एकसारख्याच. मग मला काही शिकवू नकोस.

यापुढे मी लिहिणार नाही.

मयुरा

*

मनीषनगर, नागपूर
२ मार्च २०२५

चि. धम्मानंद,

मागच्या पत्रात मी तुला आशीर्वाद लिहिला नव्हता. आज लिहिते आहे, घ्यायचा की नाही ते तू ठरव.

परवा समिती झाली. तुला कॉलेजचं पत्र मिळेलच, तरी सांगते. तुझ्यावरचा आरोप मागे घेतला आहे. स्पेनच्या कॉलेजला आणि त्या केंद्राला तसं लेखी कळवलं आहे. मयुराची पुढची परवानगी रद्द झाली, ती दहा तारखेला परत येते. तिच्या हातचं पत्र मी समितीपुढे ठेवलं. ते मोठ्याने वाचलं गेलं. विश्वनाथ सर खाली मान घालून ऐकत होते. त्यात सवयीबद्दल एक वाक्य होतं, तिथे वाचणारे थांबले. मी म्हटलं, पूर्ण वाचा.

बाबारावने सांगून पाठवलं आहे की नरखेडच्या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. दुर्गेश आला आणि रिकाम्या खुंटांपुढून परत गेला. मयुराच्या मते मी तिचा विश्वासघात केला. तसं असेलही. मी ते ओझं खाली ठेवायला बघत नाही.

तुला मात्र मला दुसरंच लिहायचं आहे. तू विचारलंस की ‘केलं आहेस का’ असं मी तुला का विचारलं नाही. गेले पंधरा दिवस मी त्याचं उत्तर शोधते आहे. मयुरा माझी भाची म्हणून, हे एक उत्तर आहे. पण तेवढंच नाही. हेच पत्र तिने दुसऱ्या कोणा मुलाबद्दल, आमच्यातल्या कोणाबद्दल लिहिलं असतं, तर मी आधी फोन उचलला असता. तुझ्याबाबतीत मला तशी गरज वाटली नाही. तुझ्यासारख्या घरांतली मुलं, असे शब्द मी त्या पत्रात लिहिले. तीन वर्षं तुला शेजारी बसवून जेवू घातलं, म्हणून माझ्यात तसलं काही उरलं नाही अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. मी तुझी क्षमा मागते.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख पंधरा आहे. शिफारसपत्र नव्याने लिहून ठेवलं आहे. या रविवारी ये. टेबल तुझ्यासाठी रिकामं केलं आहे.

तुझी,
शोभाताई

*

कुही
१० मार्च २०२५

आदरणीय मॅडम,
सविनय जय भीम.

कॉलेजचं पत्र मिळालं, आणि तुमचंही. तुम्ही समितीत काय केलंत ते मला कार्यालयातल्या साहिलने आधीच सांगितलं होतं. घरचं माणूस असताना ते सोपं नसतं हे मला कळतं. मी तुमचा आभारी आहे. हे मी रीत म्हणून लिहीत नाही.

मयुराने काल मला फोन केला होता. मी उचलला. ती बराच वेळ रडली आणि मग म्हणाली की तू तेव्हाच माझं नाव घ्यायला हवं होतंस, म्हणजे इतकं वाढलं नसतं.

अर्ज परवा पाठवला. शिफारस आमच्या विभागातल्या मॅडमनी दिली. तुम्ही लिहून ठेवली आहे हे वाचलं, पण तोवर त्यांना विचारून झालं होतं. खरं सांगायचं तर, विचारून झालं नसतं तरी मी त्यांनाच विचारलं असतं.

आईला सगळं सांगितलं. तिने तुमच्यासाठी घरच्या धानाचे पोहे कुटून ठेवले होते, मी परत आल्यावर नेऊन द्यायला. ते साहिलच्या हाती पाठवले आहेत. रविवारी मी येणार नाही. पुढच्या रविवारीही बहुधा नाही. राग नाही, मॅडम. तिथे बसलो की गणित सुटणार नाही, एवढंच.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी जेवण झाल्यावर मी झाडाखाली बसून तुम्हाला पत्र लिहायला घेतलं होतं. तुम्ही म्हणायचात ना, पाहिलेलं त्याच दिवशी लिहावं. दोन पानं झाली होती. मांडवातल्या बाईंनी मला वेगळं थांबवून काय दाखवलं, ते त्यात होतं. झाडांच्या रांगांतलं अंतर त्यांनी कसं काढलं त्याचं गणित त्यांनी जमिनीवर काडीने करून दाखवलं होतं, आणि एका ठिकाणी मी त्यांची चूक काढली, तर त्या हसून हसून खाली बसल्या. तुम्हाला ते फार आवडलं असतं. दोन तासांनी त्याच बाईंनी माझी बॅग उघडली.

ती दोन पानं माझ्याजवळ आहेत. फाडली नाहीत. पूर्ण करून पाठवावीत असं दोनदा मनात आलं, पण हात चालला नाही. सहल कशी झाली ते मयुराने तुम्हाला लिहिलेलं आहेच.

आपला,
धम्मानंद